शिरा की याएल? ठाण्यातल्या मुलीसाठी हिब्रू नाव निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातलं बेने इस्राएल (महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब, जानेवारीअखेर मुलगी झाली, आणि दोन नावांवर घर अडलंय. आईला ‘शिरा’ हवंय, कारण अर्थ गाणं. वडिलांना ‘याएल’ आवडतं. आजी म्हणते, शेजारी सत्यनारायणाला करतात तो शिरा, ते काय मुलीचं नाव झालं? इस्राएलमधल्या अश्दोदचे काका म्हणतात, याएलने झोपलेल्या माणसाच्या डोक्यात खुंटी ठोकली, असलं नाव कशाला? चार-पाच वर्षांत इस्राएलला जायचा विचार आहे, पण पक्कं काहीच नाही.

तुम्ही विचारलंय की अर्थाने कुठलं नाव चांगलं. अर्थावर हे भांडण मिटणार नाही. दोन्ही नावं अस्सल हिब्रू आहेत, दोन्ही इस्राएलमधल्या कुठल्याही बालवाडीच्या हजेरीत सापडतील, आणि दोन्हींचे अर्थ कुणालाही सांगावेत असे आहेत. खरी अडचण वेगळी आहे. या मुलीला पहिली काही वर्षं मराठीतून हाक मारली जाणार आणि पुढे कदाचित हिब्रूतून. नाव एकच, कान दोन. एका कानाला जे गोड लागतं ते दुसऱ्याला कसं लागेल, आणि कागदावर आज लिहिलेलं उद्या बदलायला किती त्रास होईल, यावर निर्णय घ्यायला हवा.

माझा कौल आधीच सांगतो: ठाण्यात शाळेत घालणार असाल तर याएल. बालवाडीच्या आधीच निघणार हे नक्की असेल तर शिरा, बिनधास्त. मधली अवस्था असेल, आणि तुमची तीच दिसते, तर याएलकडे पारडं झुकतं. आता कारणं.

शिरापासून सुरुवात करू. शीन, योद, रेश आणि ‘हे’ ही हिब्रू अक्षरं. आघात शेवटच्या अक्षरावर: शि-रा, ‘रा’वर जोर. अर्थ गाणं, आणि कविताही. हिब्रूत कवितेला हाच शब्द आहे. तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, या नावाची कुणी स्त्री नाही. तिथे तो साधा शब्द आहे. पण केवढ्या जागी आलेला! त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या १५व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, समुद्र ओलांडल्यावर मोशे आणि इस्राएल लोक ‘हे गाणं’ गातात, तिथे ‘हा-शिरा’ आहे. त्याच अध्यायात पुढे मिर्याम डफ घेऊन बायकांना नाचायला पुढे आणते. म्हणजे शिरा नावाला व्यक्ती नाही, प्रसंग आहे. काहींना हेच आवडतं: मुलीच्या डोक्यावर कुणाचा इतिहास नाही.

मराठी कानाचं मात्र काय करायचं? आजींचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. रवा, तूप, साखर, वेलची हा अर्थ प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. शिवाय ‘शीर’चं अनेकवचनही ‘शिरा’च, त्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकात रक्तवाहिन्यांपाशी हा शब्द पुन्हा भेटणार. व्याकरण थोडं मदतीला येतं. पदार्थ पुल्लिंगी आहे: शिरा झाला, शिऱ्यात काजू घाल, शिऱ्याला रंग आला. मुलीचं नाव स्त्रीलिंगी, आणि आकारान्त स्त्रीनामाचं सामान्यरूप बदलत नाही: शिरा आली, शिराला सांग, शिराचा डबा. घरातल्या मोठ्यांना हा फरक आपोआप कळेल. पण दुसरीतल्या पोरांना चिडवायला व्याकरण लागत नाही. ‘शिरा गरम आहे का?’ एवढं पुरतं, आणि ते साधारण सहा ते बारा वर्षांपर्यंत चालतं. काही मुली त्यावर हसून मोकळ्या होतात, काही घरी येऊन नाव बदला म्हणतात. कुठली कशी निघेल हे आज पाळण्यात बघून कळणार नाही.

‘शीरा’ असं दीर्घ लिहिलं तर सुटेल का, असं बरेच जण विचारतात. हिब्रूत ‘शि’नंतर योद आहे, त्यामुळे दीर्घ लिहिणं चूक नाही. पण मराठी माणूस वाचताना तो दीर्घ तसाच ठेवेल याची खात्री नाही, आणि हिंदीत शीरा म्हणजे पाक किंवा मळी. कढईतून काढून साखर कारखान्यात नेल्यासारखं होईल. रोमन लिपीत दोन ‘ई’ घालून लिहिण्यातही हाच घोटाळा, वर इस्राएलमध्ये तुम्हाला प्रत्येक खिडकीवर अक्षरं सांगत बसावं लागेल. तिथली रुळलेली वर्तणी एस-एच-आय-आर-ए. शेवटी जादा ‘एच’ लावू नका. कुणी लावतं, कुणी नाही, आणि कागदपत्रं जुळत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. वडिलांचं नाव ‘अ’ने सुरू होत असेल तर आपल्या पद्धतीने पूर्ण नाव म्हणून बघा. ‘शिरा अब्राहम’ भरभर म्हटलं की दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात आणि ‘शिराब’ असं काहीतरी ऐकू येतं. ठाण्यात हे ऐकून कोण काय म्हणेल ते सांगायला नको. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही मिळून मोठ्याने, दहा वेळा, घाईत म्हणणं ही चाचणी दोन्ही नावांना लावा. बहुतेक जण फक्त पहिलं नाव घोळवत बसतात.

आता याएल. योद, आयिन, लामेद. अर्थ रानबकरा, कड्याकपारीत राहणारा, मोठ्या वळणदार शिंगांचा. मृत समुद्राच्या काठी एन गेदीला गेलात तर तो आजही समोर उभा दिसतो, आणि इस्राएलच्या निसर्ग व उद्यान प्राधिकरणाच्या बोधचिन्हावरही तोच आहे. स्तोत्रसंहितेच्या १०४व्या स्तोत्रात उंच डोंगर ‘येएलीम’साठी म्हटलंय, ते या शब्दाचं अनेकवचन. गंमत अशी की जनावराचं नाव म्हणून हा शब्द पुल्लिंगी आहे, मादीला ‘याअला’ म्हणतात. तरी माणसांत ते मुलीचं नाव म्हणूनच रुळलंय.

इथे एक चूक फार फिरते, ती आधी काढून टाका. नावांच्या याद्यांमध्ये याएलचा अर्थ ‘देवाचं बळ’ किंवा ‘देव हाच परमेश्वर’ असा काहीबाही दिलेला असतो. शेवटचं ‘एल’ ऐकून कुणीतरी दानिएल, शमुवेलच्या रांगेत हे नाव बसवलं. पण देववाचक ‘एल’ आलेफ-लामेदने लिहितात. याएलमध्ये आलेफ नाही, आयिन आहे. अक्षरच वेगळं, तेव्हा त्या नावात देवाचा उल्लेख नाही. तुम्हाला देवाचं नाव असलेलंच नाव हवं असेल तर याएल त्यात बसत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. बारशाच्या दिवशी पाहुण्यांना चुकीचा अर्थ सांगितला की तो पुढे मुलगीच चाळीस वर्षं सांगत राहते.

काकांचा आक्षेप. गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या ४थ्या आणि ५व्या अध्यायात आहे. हासोरचा राजा याबीन, त्याचा सेनापती सिसरा, लोखंडाचे ९०० रथ, आणि २० वर्षं इस्राएलवर जुलूम. संदेष्ट्री दबोरा लढाईआधीच सांगते की सिसरा एका स्त्रीच्या हाती पडेल. ऐकणाऱ्याला वाटतं ती स्वतःबद्दल बोलतेय. लढाई हरल्यावर सिसरा रथ सोडून पायी पळतो आणि हेबेर केनीच्या बायकोच्या, म्हणजे याएलच्या, तंबूत येतो. पाणी मागतो, ती दूध देते, पांघरूण घालते, आणि तो झोपल्यावर तंबूची खुंटी आणि हातोडा घेते. पुढच्या अध्यायात दबोराचं गीत तिला स्त्रियांमध्ये धन्य म्हणतं. तेव्हा परंपरेने ही बाई खुनी म्हणून लक्षात ठेवलेली नाही, सुटका करणारी म्हणून ठेवली आहे. पाहुण्याला आसरा देऊन मारणं योग्य होतं का, हा प्रश्न जरूर पडावा, पडलाच पाहिजे. पण नाव ठेवण्याच्या वेळी त्याने अडू नये. आपल्याकडे मुलीचं नाव दुर्गा ठेवताना महिषासुराचं काय झालं म्हणून कुणी अडवत नाही. आणि अश्दोदच्या रस्त्यावर याएल म्हटल्यावर खुंटी कुणाला आठवत नाही. एखाद्याला याएल अराद आठवेल, १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचं रौप्य मिळवून इस्राएलला पहिलं ऑलिम्पिक पदक देणारी. नव्या स्थलांतरित विद्यार्थ्याला मात्र घाम फुटेल, कारण तिथल्या विद्यापीठ प्रवेशासाठीच्या हिब्रू भाषेच्या परीक्षेच्या नावाची आद्याक्षरंही याएल अशीच वाचली जातात.

मराठी कानाला याएल कसं लागतं? ‘याएल येईल का?’ हे वाक्य घरात रोज होणार, आणि दोन-तीन महिने सगळे हसणार. पण ‘येईल’ हे क्रियापद आहे, खायची वस्तू नाही. त्यावरून चिडवणं फार टिकत नाही. खरा त्रास उच्चाराचा. मधला आयिन बहुतेक इस्राएली आज घशातून काढत नाहीत, नुसता एक बारीक थांबा देतात: या, मग एल. दुसऱ्या भागावर जोर. मराठीत हा थांबा गेला की ‘यायेल’ होतं, अजून घाई केली की ‘याल’, म्हणजे निमंत्रणच. इंग्रजी शाळेतली बाई पहिल्या दिवशी ‘येल’ वाचणार. उपाय साधा आहे: पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला दोन तुकडे करून सांगा, आणि वहीवर देवनागरीत ‘याएल’ लिहून द्या. मराठी पवित्र शास्त्रातही हीच वर्तणी आहे, ती सोडू नका. प्रत्यय लावताना ‘याएलला’मध्ये दोन ‘ल’ येतात, पण अनिलला, विठ्ठलला आपण रोज म्हणतोच की.

रोमन वर्तणीत एकच गोष्ट टाळा. जुन्या इंग्रजी भाषांतरांमध्ये हे नाव ‘जे’ने लिहिलेलं आहे. ते उचललं तर भारतात सगळे ‘जेल’ वाचतील. वाय-ए-ई-एल, बास. ‘ई’वर दोन टिंबं देण्याची फ्रेंच धाटणीही नको, पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळीत ती टिंबं येतच नाहीत.

नाव जिभेवर झिजतं हे आपल्या समाजाला नवं नाही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृह) १७९६मध्ये ज्यांनी बांधलं त्या शमुवेल यहेज्केल दिवेकरांना लोक समाजी हसाजी म्हणत. शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी. कोकणच्या जिभेने घासून तयार केलेली ही नावं कुणाला अपमान वाटली नाहीत. तेव्हा याएलची घरात ‘यायू’ झाली किंवा शिराची ‘शिरू’ झाली तर होऊ द्या. फक्त कागदावर मूळ रूप शाबूत ठेवा. इस्राएलमध्ये लाडाची रूपं ‘याएली’ आणि ‘शिरी’. दुसऱ्याचा अर्थ ‘माझं गाणं’ असाही होतो.

तुमच्या मेहुण्यांनी गेमात्रियाचा, म्हणजे हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांच्या बेरजेचा, हिशेब मागितलाय, म्हणून देतो. शिरा: ३०० + १० + २०० + ५ = ५१५. ‘तफिल्ला’, म्हणजे प्रार्थना, याचीही बेरीज ५१५ येते. याएल: १० + ७० + ३० = ११०, योसेफ आणि यहोशवा दोघांचंही मृत्यूचं वय. हवं तर बारशाला सांगा, पण निवड यावर करू नका. शोधायला बसलं की कुठल्याही नावाला चांगली जुळणी सापडते.

जन्मतारीख मात्र मला महत्त्वाची वाटते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी याच सुमारास ‘शब्बात शिरा’ येतो, म्हणजे निर्गममधलं समुद्राचं गाणं वाचलं जातं तो शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस). त्याच दिवशीची हफ्तारा, म्हणजे मुख्य वाचनानंतरचा उतारा, शास्ते पुस्तकातली असते: दबोराचं गीत, ज्यात याएलचं नाव घेऊन तिला धन्य म्हटलंय. म्हणजे तुम्ही ज्या दोन नावांवर भांडताय ती दोन्ही एकाच सकाळच्या वाचनात आहेत. याएल ठेवलंत तरी आईचं गाणं हातून जात नाही. याएल हेही दबोराच्या गाण्यातलंच नाव आहे. हे आईला सांगून बघा.

मग दोन्ही का नको, याएल शिरा? धार्मिक नाव म्हणून काहीच हरकत नाही, जोडनावं सर्रास असतात. सरकारी कागदावर मात्र जपून. आपल्याकडे पहिल्या नावानंतरची जागा वडिलांच्या नावाची समजली जाते. ‘याएल शिरा’ लिहिलं की एखादा कारकून शिरा हे वडिलांचं नाव धरतो, दुसरा ते गाळतो, आणि दहावीच्या अर्जापर्यंत आधार एक सांगतं, शाळेचा दाखला दुसरं. सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, वाचतात त्या वेळी दोन्ही घ्या, जन्मदाखल्यावर एकच लिहा.

जन्मदाखल्याचं म्हणाल तर घाई करायची गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती रुग्णालयामार्फत झाली असेलच. नाव त्या वेळी द्यावंच लागतं असं नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र वेगळं प्रकरण आहे: राजपत्र, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या सगळ्यांना जन्मदाखलाच आधार धरला जातो, त्यामुळे तिथली एक चुकीची वेलांटी सगळीकडे पसरते. महिनाभर घरात दोन्ही नावांनी हाक मारून बघा. एक आठवडा शिरा, एक आठवडा याएल, पुन्हा तसंच. आजीच्या तोंडी कुठलं बसतं ते कळेल. अर्ज देताना देवनागरी आणि रोमन दोन्ही वर्तण्या छापील अक्षरांत स्वतः लिहा, आणि दाखल्याची प्रत खिडकीवरून हलण्याआधी वाचा.

पुढे इस्राएलला निघालात तर जन्मदाखल्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, लागेल. तिथे नोंद करताना अधिकारी रोमन वर्तणीवरून हिब्रू लिहितो, आणि इथे याएलचा घात होऊ शकतो: ऐकून किंवा वाचून आयिनऐवजी आलेफ पडतो. उच्चार तोच राहतो, पण रानबकरा जातो आणि नावाला अर्थच उरत नाही. शिरामध्ये हा धोका कमी. फक्त ‘श’ नीट ऐकू गेला पाहिजे, कारण ‘सिरा’ म्हणजे हिब्रूत होडी. दोन्ही बाबतींत हिब्रूत लिहिलेला कागद सोबत ठेवा, तोंडी सांगू नका.

आता नामकरण. मुलीचं नाव तोरा वाचनाच्या दिवशी जाहीर करता येतं: सोमवार, गुरुवार किंवा शब्बाथ. ठाण्याचं शाआर हश्शामाईम सिनेगॉग तुम्हाला जवळ आहे, १८७९पासूनचं. हज्जानना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) आदल्या दिवशी कागद द्या. त्यावर तीन नावं हिब्रू अक्षरांत, शक्यतो स्वरचिन्हांसह: मुलीचं, वडिलांचं आणि आईचं. ‘याएल बात’ म्हणून पुढे वडिलांचं नाव येतं, आणि हेच पुढे लग्नात केतुबावर, म्हणजे विवाहकरारावर, लिहिलं जाईल. आजारपणातल्या प्रार्थनेत मात्र आईचं नाव घेतात. बऱ्याच घरांत आईचं हिब्रू नाव कुणी कधी लिहूनच ठेवलेलं नसतं आणि ऐन वेळी फोनाफोनी होते, म्हणून ते आजच आजीला विचारून घ्या. घरातल्या कुणाच्या नावावरून नाव ठेवायची अपेक्षा असेल तर तीही याच वेळी विचारा; काही घरांत हयात आजीचं नाव ठेवणं मानाचं, काहींत वर्ज्य, आणि हे तुमच्या घरातलेच सांगू शकतील.

मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा आपला विधी, करणार असालच. त्या दिवशी मुद्दाम शिराही करा, आजींच्या हातचा. नाव याएल ठेवलंत तर कुणी हसणार नाही, आणि शिरा ठेवलंत तर जे हसायचं ते पहिल्याच दिवशी घरच्या घरी हसून होईल.